मण्यांची गुणसूत्रे आणि नाकतोड्याच्या स्लाइड : एका शैक्षणिक संचाचे परीक्षण

अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे जननपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन, शिकवण्यासाठी मिळणारा एक संच मी गेल्या जुलैमध्ये टपालाने मागवला आणि तेव्हापासून खरीप आणि रब्बी असे दोन्ही हंगाम तो वर्गात वापरून पाहिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला येणारी बहुतेक मुले कापूस-तूर पिकवणाऱ्या घरांतली आहेत. दहावीपर्यंत मराठीत शिकून ती अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतात, आणि मग लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस ही या विभाजनाच्या सुरुवातीच्या अवस्थांची पाच नावे क्रमाने पाठ करण्यातच त्यांची सारी शक्ती खर्च होते. त्या नावांमागे घडते काय, हे विचारण्याची उसंत त्यांना मिळत नाही. म्हणून हा खर्च केला. अशा बनावटीचे संच अनेक पुरवठादार विकतात, त्यामुळे कंपनीचे नाव न देता मी वस्तूविषयीच लिहिते.

पुठ्ठ्याच्या पेटीत लाल आणि पिवळे असे दोन रंगांचे, एकमेकांत टचकन बसणारे प्लास्टिकचे मणी, गुणसूत्रबिंदूसाठी, म्हणजे गुणसूत्राच्या कमरेसाठी, बारीक लोहचुंबक, सहा कायमस्वरूपी स्लाइड आणि मराठी-इंग्रजी मजकुराची पातळशी पुस्तिका एवढे साहित्य निघाले. लाल माळ म्हणजे आईकडून आलेले गुणसूत्र, पिवळी माळ म्हणजे बापाकडून आलेले त्याच जोडीतले गुणसूत्र. प्रत्येकाची आधी एक हुबेहूब प्रत तयार होते, म्हणून विभाजन सुरू होताना दोन लाल आणि दोन पिवळे असे चार धागे हाताशी असतात. मणी दणकट आहेत. चाळीस मुलांच्या हातांतून वर्षभर फिरूनही त्यांतला एकही फुटला नाही, ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण शाळा-महाविद्यालयांना विकले जाणारे साहित्य बरेचदा पहिल्या प्रात्यक्षिकातच हात टेकते.

या संचाचे खरे मोल मात्र मण्यांत नसून नाकतोड्याच्या वृषणाच्या दोन स्लाइडमध्ये आहे. बहुतेक नाकतोड्यांच्या नरात २३ गुणसूत्रे असतात : अकरा जोड्या आणि जोडीदार नसलेले एक एक्स गुणसूत्र. ही गुणसूत्रे मोठी आणि मोजकी असल्यामुळे गेली शंभरेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत या किड्याला मान आहे. पहिल्या स्लाइडवर ४५ पटीचे भिंग लावून पेशी हुडकली, मग सेडरच्या तेलाचा थेंब टाकून १०० पटीचे भिंग खाली आणले, आणि डिप्लोटीन अवस्थेतली एक पेशी इतकी स्वच्छ दिसली की मी स्वतः पंधरा मिनिटे डोळा काढला नाही. एका जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांपासून दूर सरकू पाहतात, पण एका जागी अडकून राहतात, आणि त्या जागी गर्द जांभळ्या रंगाची ठसठशीत फुली दिसते. दुसऱ्या एका जोडीत अशा दोन फुल्या होत्या, त्यामुळे मधला भाग कड्यासारखा गोल झाला होता. जोडीदार नसलेले एक्स एका बाजूला घट्ट वळकटी करून गडद रंगात पडलेले होते. या फुलीलाच कायाझ्मा म्हणतात. फुलीच्या जागी आईकडचा एक धागा आणि बापाकडचा एक धागा तुटून परस्परांच्या उरलेल्या भागाला जोडला गेलेला असतो. बेल्जियमचे संशोधक यान्सेन्स यांनी १९०९ मध्ये उभयचर प्राण्यांच्या पेशींत अशाच फुल्या पाहून येथे धागे तुटून जोडले जात असावेत, असे मत मांडले होते. पुस्तकात ही आकृती प्रत्येकाने पाहिलेली असते, पण ती जिवंत पेशीतून उचललेली आहे यावर मुलांचा विश्वास बसला तो या स्लाइडनंतरच.

आमच्याकडे तेलाच्या भिंगाचा सूक्ष्मदर्शक एकच आहे. ४५ पटीच्या भिंगाखाली अवस्था ओळखता येते, फुली मात्र नीट दिसत नाही. ज्यांच्याकडे तेलाचे भिंग नाही त्यांनी या स्लाइडच्या आशेवर संच घेऊ नये.

मण्यांच्या बाबतीत माझी पहिली तक्रार अशी आहे की ते जोडी जमण्याची प्रक्रिया दाखवतच नाहीत, आणि या विषयाचे सारे मर्म तर तिथेच आहे. पुस्तिका सांगते, ‘सजातीय गुणसूत्रे शेजारी ठेवा’, म्हणजे एकाच जोडीतली दोन. मुले ती उचलतात आणि शेजारी ठेवतात, जणू पेशीतही कोणी हात घालून ती तशी ठेवत असावे. पेशीच्या केंद्रकात डझनावारी धाग्यांच्या गुंत्यातून आपला नेमका जोडीदार सापडतो कसा, हा प्रश्न त्यामुळे मुलांना पडतच नाही. याचे उत्तर थक्क करणारे आहे. पेशी स्वतःचाच डीएनए जाणूनबुजून तोडते. एसपीओ-११ नावाचे प्रथिन हे काम करते, असे १९९७ मध्ये यीस्टवरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. तुटलेले टोक मोकळे झाले की ते आपल्याशी जुळणारी अक्षरमाला शोधत निघते आणि ती सजातीय गुणसूत्रावर सापडली की तिथे शिरून तिचा नमुना पाहत स्वतःची डागडुजी करून घेते. याच सुमारास गुणसूत्रांची टोके केंद्रकाच्या पडद्याला चिकटून एका बाजूला गोळा होतात, एखाद्या गुच्छाच्या देठांसारखी, आणि पेशी त्यांना हलवत राहते, त्यामुळे भेटीगाठीची शक्यता वाढते. उंदराच्या एका पेशीत असे दोनशेहून अधिक तुटे पडतात, पण त्यांपैकी जेमतेम वीस-पंचवीस जागीच धाग्यांची पूर्ण अदलाबदल होते. बाकीचे तुटे मोठे तुकडे न बदलताच सांधले जातात. म्हणजे बहुतेक तुटे जोडीदार ओळखण्याच्या कामी येतात आणि मोजक्याच ठिकाणी खरी देवाणघेवाण होते.

जोडी जमल्यावर दोन्ही गुणसूत्रे टोकापासून टोकापर्यंत प्रथिनांच्या एका शिडीसारख्या रचनेने बांधली जातात. सिनॅप्टोनेमल कॉम्प्लेक्स हे तिचे नाव, आणि १९५६ मध्ये ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसली. संचातले चुंबक केवळ गुणसूत्रबिंदूपाशी आहेत, त्यामुळे लाल आणि पिवळी माळ कमरेपाशी चिकटून असते असा चुकीचा समज पक्का होतो. वस्तुतः तिथे एकत्र धरलेले असतात ते एकाच गुणसूत्राचे दोन जुळे धागे. यावर आमच्या वर्गातल्या एका मुलीने उपाय काढला. तिने जुन्या दप्तराची उसवलेली चेन आणली, तिच्या एका पट्टीला लाल आणि दुसरीला पिवळी माळ दोऱ्याने टाचली, आणि चेन ओढून ‘झायगोटीन’, पूर्ण लागल्यावर ‘पॅकिटीन’, उघडल्यावर ‘डिप्लोटीन’ असे वर्गापुढे करून दाखवले. चेन उघडली तरी अदलाबदल झालेल्या जागी माळा गुंतलेल्याच राहिल्या, आणि पुढे मध्यावस्थेपर्यंत, म्हणजे जोड्या पेशीच्या मध्यावर ओळीने उभ्या राहीपर्यंत, जोडी टिकून राहते ती फुलीच्या बळावर, हे एका क्षणात सगळ्यांच्या ध्यानात आले. पुरवठादाराने पुढच्या आवृत्तीत अशी एक चेन घालावी, त्याला दहा-पंधरा रुपयांपेक्षा अधिक खर्च येणार नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, कारण ती उणिवेबद्दल नाही, पुस्तिकेतल्या चुकीबद्दल आहे. पुस्तिकेतल्या चित्रात अदलाबदलीनंतर चारही धागे अर्धे लाल आणि अर्धे पिवळे दाखवले आहेत. प्रत्यक्षात एका फुलीच्या जागी चारांपैकी दोनच धागे भाग घेतात, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. उरलेले दोन जसेच्या तसे राहतात. हा फरक केवळ चित्रकलेचा नाही. मी मुलांना दहा मण्यांच्या माळा करायला लावल्या, पहिल्या आणि दहाव्या मण्यावर एकेका जनुकाची चिठ्ठी लावली, आणि नऊ फटींपैकी कोणत्या फटीत तुटा पडणार ते चिठ्ठ्या उचलून ठरवले. तुटा कुठेही पडला तरी तो त्या दोन जनुकांच्या मध्येच असतो, म्हणून दर वेळी चारातले दोन धागे नव्या जुळणीचे निघाले, म्हणजे निम्मे. मग जनुके पहिल्या आणि दुसऱ्या मण्यावर ठेवली, तेव्हा नऊ फटींतली एकच फट कामाची उरली आणि नव्या जुळणीचे धागे क्वचितच मिळाले. जनुके जितकी जवळ तितकी त्यांची ताटातूट विरळ, हाच तो विचार, ज्यावरून अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतले तरुण विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला जनुकीय नकाशा काढला. पुस्तिकेचे चित्र खरे मानले, तर पहिल्या प्रयोगात नव्या जुळण्या शंभर टक्के यायला हव्यात, आणि पाठ्यपुस्तक तर सांगते की पुनःसंयोग, म्हणजे नव्या जुळण्यांचे प्रमाण, पन्नास टक्क्यांच्या वर जात नाही. हुशार मूल इथे अडखळते आणि दोष स्वतःच्या समजुतीला देते. मी पुरवठादाराला पत्र लिहून हे कळवले. उत्तर अद्याप आलेले नाही. तोवर संच घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने त्या पानावर कागद चिकटवून नवे चित्र काढावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मण्यांचा एक उपयोग पुस्तिकेत नाही, पण तो मला सर्वांत फलदायी वाटला. लाल माळेच्या एका टोकाला काळा मोठा मणी आणि दुसऱ्या टोकाला कापडाची चिंधी बांधली की १९३१ चा हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा मक्यावरचा प्रयोग जसाच्या तसा वर्गात उभा राहतो. त्यांच्या मक्याच्या नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाला सूक्ष्मदर्शकातून दिसणारी गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला परक्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. त्याच गुणसूत्रावर दाण्याचा रंग आणि दाण्यातल्या पिठाचा प्रकार ठरवणारी जनुके होती. ज्या दाण्यांत गुणांची नवी जुळणी दिसली त्यांच्या गुणसूत्रांतही गाठ आणि तुकडा यांची ताटातूट झालेली आढळली. गुणांची अदलाबदल म्हणजे गुणसूत्राच्या प्रत्यक्ष तुकड्यांची अदलाबदल, हे त्यातून डोळ्यांना दिसेल असे सिद्ध झाले. आमच्या मुलांना मक्याचे कणीस समजावून सांगावे लागत नाही. कणसातला प्रत्येक दाणा हे वेगळे अपत्य आहे, एवढे एकदा लक्षात आले की एका कणसावर चारशे भावंडे मोजता येतात.

आणि आता तो प्रश्न, ज्यासाठी मला हा संच हवा होता. दर वर्षी हे प्रकरण सुरू झाले की कोणी ना कोणी मागच्या बाकावरून विचारते, ‘‘मॅडम, याच पऱ्हाटीची सरकी ठेवून पुढच्या साली टोबली तं तशीच पऱ्हाटी काहून येत नाही?’’ पऱ्हाटी म्हणजे कापसाचे झाड. हा प्रश्न परीक्षेचा नाही, घरचा आहे. मृगाचा पाऊस पडण्याआधी बियाण्याच्या पाकिटांसाठी कृषी केंद्रापुढे रांगा लागतात, आणि पैसे कुठून उभे करायचे हे त्या मुलाने घरात ऐकलेले असते. संकरित कापूस आपल्या देशात जुना आहे. ‘एच-४’ हे पहिले व्यावसायिक संकरित वाण १९७० मध्ये सुरतेहून आले, आणि २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाल्यावर तर विदर्भात बहुतेक सारा पेरा संकरित बियाण्याचाच झाला. पूर्वी मी या प्रश्नाला ‘दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात’ एवढेच उत्तर देत असे. ते उत्तर बरोबर होते, पण त्याने कोणाचे समाधान झाले नाही.

या वर्षी मी दोन माळा हातात दिल्या. पाकिटातली प्रत्येक सरकी एका शुद्ध मादी वाणाची लाल माळ आणि एका शुद्ध नर वाणाची पिवळी माळ घेऊन येते. सगळ्या सरक्यांत तीच जोडी, म्हणून सारे शेत एकसारखे उभे राहते. त्या झाडाला फूल येते तेव्हा त्याच्या परागकोशात आणि अंडाशयात लाल आणि पिवळी माळ एकमेकींना शोधतात, चेन लागते, तुटे पडतात, तुकडे बदलतात आणि जोड्या फुटतात. अमेरिकन कापसात ५२ गुणसूत्रे, म्हणजे २६ जोड्या आहेत. तुकड्यांची अदलाबदल अजिबात झाली नाही असे क्षणभर धरले, तरी कोणती जोडी कोणत्या बाजूला तोंड करून उभी राहते एवढ्यावरूनच ६,७१,०८,८६४ प्रकारच्या जननपेशी तयार होऊ शकतात. अदलाबदल धरली तर मोजदादच संपते. मुलांनी मण्यांच्या फक्त दोन जोड्या घेऊन प्रत्येकी एक जननपेशी तयार केली, बाकावर ओळीने मांडली, आणि वीस ओळींतल्या फार थोड्या एकमेकींशी जुळल्या. मग मी एक वाळलेले बोंड फोडून त्यातल्या सरक्या बाकावर ठेवल्या. या सरक्या पऱ्हाटीवर लागलेल्या दिसतात, पण त्या पऱ्हाटीच्या नाहीत, पुढच्या पिढीच्या आहेत. एकाच बोंडातल्या या सख्ख्या बहिणी एकमेकींपासून वेगळ्या झालेल्या आहेत. बीटीचे जनुक संकराच्या एकाच बाजूकडून एका जागी आलेले असेल, तर स्वपरागीकरणाने धरलेल्या दर चार सरक्यांपैकी सरासरी एकीत ते नसतेच, आणि त्या झाडावर बोंडअळीला रान मोकळे असते. या वर्षी तो प्रश्न विचारणारा मुलगा बराच वेळ सरक्या बोटाने सारत बसला होता. नंतर त्याने विचारले की देशी कापसाची सरकी मग घरची का चालते. देशी वाण शुद्ध असेल तर त्याच्या दोन्ही माळा एकाच रंगाच्या असतात, लाल तुकडा लालशीच बदलतो, आणि अदलाबदल होऊनही काही बदलत नाही. हे उत्तर मी दिले नाही. त्यानेच दोन लाल माळा उचलल्या, तुकडे बदलून पाहिले आणि माझ्याकडे बघितले.

मण्यांचा तिसरा संच जोडून केळीही दाखवता येते. खाण्याच्या बहुतेक केळींत ३३ गुणसूत्रे असतात, म्हणजे अकराचे तीन संच. तिघांत जोडी नीट जमत नाही, वाटणी बिघडते आणि बी धरत नाही. त्यासाठी वेगळ्या रंगाचे मणी बाजारातून आणावे लागतात.

उरलेल्या चार स्लाइडविषयी फारसे चांगले लिहिता येत नाही. कांद्याच्या परागकोशाच्या तीन स्लाइडपैकी एकीत झाकणकाचेखाली बुडबुडा होता, दुसरीवर जी अवस्था छापली होती ती तिच्यात नव्हती. डायकायनेसिस असे लिहिलेल्या स्लाइडमध्ये पिकलेले परागकण भरले होते, म्हणजे कळी तोडायला उशीर झाला होता. चौथी स्लाइड सूत्री विभाजनाची, कांद्याच्या मुळाच्या टोकाची होती, ती या संचात कशासाठी घातली ते कळले नाही. पत्र्याच्या छताखालच्या आमच्या प्रयोगशाळेत एप्रिल-मेच्या उन्हानंतर दोन स्लाइडचा रंगही उतरला. नाकतोड्याच्या स्लाइड मी आता स्टीलच्या डब्यात, तळमजल्यावरच्या कपाटात ठेवते.

कांद्याच्या स्लाइड मात्र विकत घेण्याची गरज नाही, हे मला या वर्षी उमगले. रब्बीत बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याला गोंडे आले की त्यांतल्या अजून न उमललेल्या, हिरव्या, बारीक कळ्या सकाळी तोडून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल यांच्या मिश्रणात टाकाव्यात, दुसऱ्या दिवशी त्यांतला परागकोश सुईने काढून ॲसिटोकार्मिन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रावाच्या थेंबात चिरडावा आणि झाकणकाच अंगठ्याने दाबावी. परागकोश पिवळा दिसू लागला असेल तर उशीर झाला असे समजावे. आम्ही अकरा कळ्या वाया घालवल्या, बाराव्या कळीत आठ जोड्या मध्यावस्थेत ओळीने उभ्या दिसल्या. कांद्यात १६ गुणसूत्रे असतात, ती मुलांनी मोजली, आणि मोजणी बरोबर आली. पऱ्हाटीच्या पात्यांवरही, म्हणजे कोवळ्या कळ्यांवरही, प्रयत्न केला, पण तिची ५२ गुणसूत्रे इतकी लहान आहेत की आमच्या भिंगाखाली ठिपक्यांपलीकडे काही हाती लागले नाही. हौशी शिक्षकांनी तिथे वेळ घालवू नये.

किमतीचे सांगायचे तर टपालखर्चासह ३,४०० रुपये पडले. आमच्यासारख्या महाविद्यालयाला ही रक्कम लहान नाही. मणी आणि नाकतोड्याच्या स्लाइड वेगळ्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्याव्यात, पुस्तिका आणि कांद्याच्या स्लाइड सोडून द्याव्यात. वेगळ्या मिळत नसतील, आणि प्रयोगशाळेत तेलाचे एक तरी भिंग असेल, तर पूर्ण संच घ्यावा असेच मी सांगेन, मात्र पेटी उघडल्याबरोबर सहाही स्लाइड तपासाव्यात आणि सदोष स्लाइड ताबडतोब परत पाठवाव्यात. मी दोन महिने उशीर केला, तोवर बदलून देण्याची मुदत संपली होती. दुसरा संच मी जूनमध्ये मागवणार आहे, कारण चाळीस मुलांत एक पेटी पुरत नाही. दप्तराच्या जुन्या चेना मुलांनी आत्ताच गोळा करायला घेतल्या आहेत.